वर्खवाल्याच्या लेकीचा उजेड

अब्दुल रहीम वर्खवाल्याची नाजिया अमरावतीच्या प्रयोगशाळेत नेमकं करते तरी काय, हे दर्यापूरकडच्या तिच्या गावात कोणालाच उमगलं नव्हतं. कोणी म्हणे रक्त तपासते, कोणी म्हणे औषधं बनवते. बापाला मात्र एवढं ठाऊक होतं, की पोरगी चांदीचंच काम करते. गडी तेवढ्यावर खूश.

त्याचा सारा जन्म चांदी कुटण्यात गेला. चामड्याच्या पानांत चांदीचा तुकडा घालायचा आणि फुंकरीनं उडेल इतका पातळ होईपर्यंत हातोडी चालवायची. अकोल्याचे मिठाईवाले घरी येऊन वर्ख घेऊन जात. मग बुडत्या कापसानं गावंच्या गावं झोपवली, लग्नं चहापोह्यांवर उरकू लागली. बर्फीवरचा वर्ख आता कोण विचारतो? हातोडी थांबली. पाठोपाठ त्याची मूत्रपिंडं थकली. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात धड डाळ शिजत नाही, आणि तो तेच पाणी जन्मभर प्याला.

"माह्या वर्खाहून बारीक चांदी असते काय वं?" सुट्टीत आलेल्या लेकीला तो विचारी.

"असते, अब्बा. डीएनएचा धागा असते, आपल्या अंगात असते तसाच. त्याच्यावर चांदीचे मोजके अणू जमतात. जांभळ्या बत्तीत धरले की लाल दिसतात, निखाऱ्यावानी."

शिकलेली माणसं त्याला नॅनोक्लस्टर म्हणतात. म्हातारा हसला. "चांदी अन् लाल? दाखवजो मले. पाह्यल्याबिगर नाही मानत मी."

अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नाजियानं प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून एका नळीत त्या चांदीच्या पाण्याचे चार थेंब घेतले आणि बर्फात ठेवून एस.टी.नं घरी आणले. अब्बांचं बोलणं तुटत चाललं होतं. "आणलं?" एवढंच त्यांनी विचारलं. नळी अम्मीकडे देऊन ती नोटा तपासायची जांभळी बत्ती मागायला शेजारच्या नईमचाचाच्या दुकानात गेली.

तिथंच घात झाला. तिची अम्मी नसीमबानो म्हणजे पाहुणे वाढले की शोरव्यात पाणी वाढवणारी बाई. ते चार थेंब पाहून तिचा जीव कळवळला. पोरीनं एवढ्या लांबून आणलं, पण यांच्या अधू डोळ्यांना ते दिसावं कसं? तिनं अत्तराची रिकामी कुपी घासून काढली, थेंब तिच्यात ओतले आणि माठातल्या पाण्यानं ती गळ्यापर्यंत भरली.

नाजियानं येऊन गळ्यापर्यंत भरलेली कुपी पाहिली. खाऱ्या पाण्याचं आणि चांदीचं हाडवैर. मीठ भेटलं की चांदी धागा सोडते आणि पांढरी होऊन तळाशी बसते. तरी तिनं खिडक्या लावल्या, बत्ती पेटवली. कुपीत नुसता गढूळपणा. लाल ठिपकाही नाही.

"दिसते काय हो?" नसीमबानो अब्बांवर वाकली होती.

अब्दुल रहीमनं लेकीचा चेहरा पाहिला, मग बायकोचा. काहीतरी बिघडलंय, हे त्याला न सांगता कळलं.

"दिसते ना," तो म्हणाला. "लाल, निखाऱ्यावानी. हारलो बेटा, तुह्याशी."

नाजियाला रडू आवरेना. अम्मीला वाटलं, पोरगी आनंदानं रडते आहे.

अमरावतीला परतून तिनं दुसरी नळी तयार केली. ती घेऊन निघणार, तोच नईमचाचाचा फोन आला. अब्बा गेले होते.

चाळीसाव्याला बायका जमल्या, तेव्हा नसीमबानोनं फळीवरची कुपी काढली. "चारच थेंब होते. म्या पाणी घालून कुपीभर केले, तवा कुठं त्याइले दिसलं," ती सगळ्यांना सांगत होती. मग ती लेकीकडे वळली. "बत्ती लाव नं, बेटा. मी त्या दिवशी त्याइच्याच तोंडाकडे पाहून राहिली होती. मले उजेड पाहाचा राहूनच गेला."

"चाचाची बत्ती बिघडली, अम्मी," नाजिया म्हणाली. तिनं कुपी आईच्या हातातून घेतली आणि परत फळीवर ठेवली.