आत्याच्या पानावरची गवार

आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पोथीतल्या सगळ्या भानगडी सांगितल्यात. खरंच सगळ्या! लग्नाआधी झालेलं लेकरू पेटीत घालून नदीत सोडणारी राणी, होडीतच पोरीवर भाळलेला ऋषी, गुरूचीच बायको पळवणारा चेला. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात श्रावणात दादा मारुतीच्या पारावर पोथी वाचतात. दुसरे वाचणारे बायाबापड्या बसल्या की असली पानं गुपचूप उलटतात. दादा न्हाई. "देवाच्या घरचं माहीत असलं की दुसऱ्याच्या लेकीला नावं ठेवताना जीभ जड होती," म्हणतात.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे देव सख्ख्या बहिणीला पळून जायला स्वतःचा रथ देतो ती. "आन् लगाम कुणाच्या हातात? पोरीच्या!" असं म्हणून दादा थांबतात आणि बाया पदर तोंडाला लावून हसतात.

म्हणून तर मला वाटलं, हा माणूस मला समजून घेईल.

परभणीला कृषी विद्यापीठात माझ्यासोबत शिकलेला एक पोरगा हाय. आमच्या जातीचा न्हाई. पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, सुरू झाला तेव्हा मी घरात सांगून टाकलं, याच्याशीच लग्न करायचंय. दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपल्या घरात असलं कधी झालेलं न्हाई." बास. उठून शेताकडं गेले.

मी आईवर घसरले. "रथाची गोष्ट काय नुसती पारावर सांगायलाच हाय का गं?"

"पोथीतलं पोथीत," आई म्हणाली. "का आत्यासारखं तुझंबी जितेपणी पान वाढायला लावतीस?"

"जितेपणी?"

आईनं जीभ चावली. पण सुटलं ते सुटलं.

दादांची धाकटी बहीण, माझी आत्या, माझ्या जन्माआधी गंगेत वाहून गेली, हे मला कळायला लागल्यापासून माहीत. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. आत्यामुळं मला कधी पाण्यात उतरू दिलं न्हाई, आजबी मला पोहता येत न्हाई. दर सर्वपित्रीला बाकीच्या पितरांसोबत तिच्या नावानं केळीच्या पानावर जेवण वाढून पत्र्यावर ठेवायचं. आणि तिच्याच पानाला कावळा लय उशिरा शिवायचा. "पोरीची इच्छा राहिली," म्हणून बाया हळहळायच्या. मी तर रडायचे!

इच्छा कसली राहती, बाई तिकडं पूर्णा जंक्शनला जिवंत! रेल्वेतल्या दुसऱ्या जातीच्या माणसासोबत पळून गेली, तर घरानं तिच्या नावानं घागर फोडली, जशी मेलेल्या माणसासाठी फोडतात, आणि ती मेली असं ठरवून टाकलं. आईला तिचं घरसुद्धा माहीत होतं. ते मी तिच्याकडून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी पूर्णेच्या गाडीत बसले.

दार उघडणाऱ्या बाईचं नाक हुबेहूब दादांचं. मी कोण ते सांगितलं तर ती चौकट धरून उभीच राहिली. मग एकदम पाणी, चहा, पोहे, सगळं.

"माझं पान वाढतेत म्हणं अजून? काय काय असतंय?"

"खीर, वडे, कढी, गवार..."

"गवार! अगं गवारीनं माझ्या अंगावर पित्त उठतंय. मेल्यावर तरी सोडा की मला!"

आमी दोघी पोट धरून हसलो. हसता हसता मी विचारलं, "घरातून निघालीस कशी पण तू?"

"भाऊनंच, तुझ्या बापानंच सोडलं की. ऊस घेऊन कारखान्याला चालला होता. म्हणला, बस ट्रॅक्टरवर. गावाबाहेर आल्यावर स्टेअरिंगच माझ्या हातात दिलं. शेतात त्यानंच शिकवलं होतं ना. ठेसनापर्यंत मीच चालवत नेला!"

माझं हसू तिथंच थांबलं. "आणि घागर?"

"तीबी त्यानंच फोडली. सख्खा भाऊ, दुसरं कोण फोडणार?"

तिला राग न्हाई. मला हाय. परत येताना खिडकीत बसून मी नुसती धुमसत होते. ती पोथीतली देवाची बहीण लय लांबची हो, तिचा मला काय आधार? मला ट्रॅक्टरवरची आत्या पाहिजे होती. सात पिढ्यांत मीच एक नासकी निघाले असं वाटून मी किती रडलेय, आणि ज्यानं स्वतः रथ दिला तोच मला म्हणतो, असलं कधी झालेलं न्हाई!

सर्वपित्रीला पानं वाढून झाली. मी आत्याचं पान उचललं आणि पत्र्यावर न नेता दादांच्या समोर बसून डब्यात भरायला लागले.

"पूर्णेला चाललेय," मी म्हणाले. "ट्रॅक्टर देता, का रेल्वेनं जाऊ?"

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. दादा डब्याकडं बघत बसले.

"गवार काढ त्यातली," ते म्हणाले. "तिला चालत न्हाई."

म्हणजे माहीत होतं. दर वर्षी त्यांच्याच हातानं ते पान पत्र्यावर जायचं, गवारीसकट.

मी गवार काढली. डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "आणि माझंबी असंच पान वाढणार का?"

दादा उठले, चपला घातल्या आणि शेताकडं गेले.

मी रेल्वेनंच गेले.