डोकेदुखीची रजा

बहारीन हे बेट आहे, आणि आमचे टूर लीडर राहतात ते अमवाज म्हणजे त्या बेटाला चिकटून समुद्रात भर घालून केलेली आणखी काही बेटं. त्यांच्या बाल्कनीतून खाली पाहिलं की निळं पाणी, पांढरी वाळू आणि माणूस एकही नाही. तरी बहारीनमध्येच राहणारी आम्ही तीन जोडपी समुद्राकाठी निवांत बसायला दोन मोठी विमानं आणि एक टीचभर विमान बदलून कॅरिबियनमधल्या एका बेटावर गेलो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

लीडर म्हणजे बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले पुण्याचे गृहस्थ. लीडर हे पद त्यांनी स्वतःच घेतलं होतं. आरामाचंही वेळापत्रक करून त्यांनी ते ग्रुपवर टाकलं होतं. सातला किनाऱ्यावर चालणं, आठला नाश्ता, नऊ ते दहा निवांत. दहा वाजले की ते घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि आमचा निवांतपणा आटोपायचा. दुसरं जोडपं रत्नागिरीचं, भाई आणि भाभी. भाईंचं मीना सलमान बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. कॅरिबियनमधला प्रत्येक माड बघून भाई म्हणत, "हे तर आमच्या दारात आहे," आणि भाभी त्यांना कोपराने ढोसत. तिसरे आम्ही, उम्म अल हस्सम वस्तीतल्या फ्लॅटमधले. नवरा ऑडिटर, आणि मी एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर. दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा माझा धंदा.

हॉटेलात तिन्ही वेळचं खाणं पॅकेजमध्येच होतं. तरीही आम्ही इलेक्ट्रिक राइस कुकर नेला, तांदूळ, मूगडाळ आणि मेटकुटासकट. मराठी माणूस परदेशात तीन दिवस हौसेने काहीही खातो, चौथ्या दिवशी त्याला मऊ खिचडी आठवते. कुकर माझ्याकडे कसा आला ते विचारू नका. त्यासाठी मीटिंग झाली नाही की मतदान झालं नाही. लीडरांनी फक्त खोलीतल्या धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घातली आणि फोडणीची जबाबदारी माझ्यावर आली.

पाचव्या दिवशी वेळापत्रकात डॉल्फिन बघायला बोटीने जाणं होतं. सकाळी मी सांगितलं, माझं डोकं भयंकर दुखतंय. ते मुळीच दुखत नव्हतं. लीडरांचा चेहरा पडला.

"अरेरे, वहिनी! मग संध्याकाळची खिचडी?"

"ती करते हो मी."

"मग ठीक आहे. तुम्ही जपा स्वतःला."

ते सगळे गेले. किनाऱ्याच्या टोकाला एक बदामाचं झाड होतं आणि त्याखाली एक लाकडी खुर्ची. तिथे मी पाच तास बसले. पुस्तक वाचलं नाही, फोन बघितला नाही. एक खेकडा बिळातून बाहेर आला, माझ्याकडे बघून परत आत गेला. त्यालाही काही विचारायचं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग पाच तास कुणी मला काहीच विचारलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी चक्क रडले. मग संध्याकाळी उठून खोलीत गेले, हिंगाची फोडणी केली आणि कुकर लावला.

परत आल्यावर महिन्याभराने एका शुक्रवारी दुपारी लीडरांकडे आठवणींचा कार्यक्रम ठरला. बाहेरच्या समुद्राचा उजेड टीव्हीवर पडत होता म्हणून त्यांनी पडदे ओढून घेतले, आणि आम्ही समुद्राकडे पाठ करून टीव्हीवर समुद्र बघत बसलो. नियम असा, की प्रत्येकाने आपला सगळ्यात आरामाचा क्षण सांगायचा.

 चोराच्या मनात चांदणं. खरं सांगायचं तर असं सांगावं लागणार होतं, की तुम्ही सगळे नव्हतात तीच माझी सुट्टी. शेजारी नवरा मीच केलेली कोथिंबीर वडी खात बसला होता, त्याच्यासमोर हे कसं बोलायचं? पण खोटं सांगितलं तर तो दिवस माझ्याकडूनच पुसला जाणार, आणि तेवढा एकच दिवस माझा होता. काय होईल ते होवो, सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

लीडरांनी सातचं चालणं सांगितलं. भाई म्हणाले, "बोटीत बसलो होतो. मनात आलं, आता इंजिन खलास झालं तरी मला कोणी हाक मारणार नाही. तोच माझा आराम." मला भाईंचा हात हातात घ्यावासा वाटला.

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "हिचं मी सांगतो. डॉल्फिन वर आला तेव्हा ही लहान मुलीसारखी किंचाळली. एवढं खूश मी हिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं."

"हो ना," भाभी म्हणाल्या, "माझा हात घट्ट धरला होतात तुम्ही!"

"मी बोटीवर नव्हते," मी म्हटलं.

सगळे हसले. लीडरांनी बोटीचे फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले. मी एकाही फोटोत नव्हते. त्यावर लीडरांकडे उत्तर तयार होतं. "वहिनी, फोटो तुम्हीच काढत होतात ना? मग तुम्ही दिसणार कशा?"

"बरं. मग तुम्ही बोटीवरून आलात तेव्हा गरम खिचडी कुणी केली होती?"

 लीडरांची बायको वड्यांची थाळी पुढे करत म्हणाली, "अगं, कुकरला काय लागतं, बटण दाबलं की आपोआप होते."

विषय संपला. भाई म्हणाले, "यल्ला, चला, पुढचं बेट ठरवा," आणि सगळे नकाशावर वाकले. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. महिनाभर मी पकडली जाईन म्हणून घाबरत होते, आणि इथे मी नव्हते हेच कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. माझा क्षण सांगायचा राहिलाच.

 घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवरा म्हणाला, "काय गं, मग किंचाळलं कोण?"

"भाभी असतील."

"आणि तुझं डोकं?"

"दुखत नव्हतं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. झाड, खेकडा, रडणं, सगळं. जन्माचा ऑडिटर, पण त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सिग्नल सुटला, त्याने गाडी थोडी पुढे नेली आणि म्हणाला, "चुकलंच माझं. पुढच्या वेळी माझंही डोकं दुखेल. दोघं बसू तिथे."

इतक्या मायेने तो हे म्हणाला की माझे डोळे भरून आले. मी हो म्हटलं. त्या झाडाखाली खुर्ची एकच होती, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.