सातव्या मजल्यावरचा मोगरा

आमच्या घराला वास येतो, ही गोष्ट आम्हाला बाहेरच्यांकडून कळली. मोशीत फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने सांगितलं होतं की बाल्कनीतून इंद्रायणी दिसते. दिसते खरी, मान फार वाकडी केली तर. मान सरळ ठेवली तर लांबवर कचरा डेपोचा डोंगर दिसतो, त्याबद्दल तो काही बोलला नव्हता. पहिले काही महिने संध्याकाळी वारं फिरलं की आई नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची. मग कधीतरी पदर खाली आला. वास कमी झाला असं आम्ही समजलो. वास होता तिथेच होता, आमची नाकं मेली होती.

मला बघायला येणारे मात्र जिवंत नाकं घेऊन यायचे. पोहे खायचे, पगार विचारायचे, "रोज चाकणला जायचं म्हणजे दमत असाल" अशी कणव दाखवायचे आणि जायचे. पुढचा निरोप खालच्या मामींकडून यायचा. आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे त्याच्या या मूळ मालकीणबाई. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, हाताला काम उरलं नाही, म्हणून आता सगळ्या सोसायटीची लग्नं जुळवतात. मनात काही ठेवणं त्यांना जमत नाही. एकदा माझ्या देखत आईला म्हणाल्या, "पोरगी झाक हाय म्हनत्यात, पर घराला वास येतोय म्हनत्यात. लोकास्नी वाटतंय, तुमी झाडलोट करत न्हाई."

माझी आई दिवसातून दोनदा फरशी पुसते. परभणीच्या भाड्याच्या खोलीतही ती मोरी घासून मगच चहा प्यायची. तिला हे किती लागलं असेल ते मी पाहिलं. मामी गेल्यावर ती घरभर हुंगत फिरली. गाद्या हुंगल्या, पडदे हुंगले, बाबांच्या चपला हुंगल्या. "कुठं वास यायलाय? मला तर नाही यायला," असं तिने आम्हा प्रत्येकाला विचारलं. बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि नाही म्हणाले. दादानेही घेतला. मीही घेतला. वहिनी तेवढी कणीक मळत राहिली.

वहिनी घरी मेणबत्त्या करायची. सोया मेणाच्या, काचेच्या ग्लासातल्या, मोबाईलवर बघून शिकलेल्या. पांढऱ्या पापुद्र्यांसारखं ते मेण पिशव्यांतून यायचं आणि आईच्या डाळीच्या डब्यांची जागा खायचं. ग्लासात नाक घातलं की मोगरा घमघमायचा, पण वात पेटवली की खोलीत काही म्हणजे काही यायचं नाही. "वहिनी, तुझ्या मेणबत्त्या नव्या नवरीसारख्या आहेत, चार माणसांत तोंडच उघडत नाहीत," असं मी तिला चिडवायचे. तिच्या वस्तूंना घरात कुणी विचारत नव्हतं, आणि तिलाही फारसं नाही.

मग तो आला. आमच्या कंपनीला ब्रॅकेट पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्याकडून तो तक्रारी निस्तरायला यायचा. मी क्वालिटीत, त्यामुळे त्याचा माल रिजेक्ट करणारी मीच. इतर पुरवठादारांची माणसं भांडायची, साहेबांना मस्का लावायची. हा गेज मागून घ्यायचा, स्वतः मोजायचा आणि "मॅडम बरोबर आहेत" म्हणून माल परत टेम्पोत भरायचा. स्वतःच्या हाताने मोजल्याशिवाय तो कुणाचं काही मानत नसे. मला तो आवडला. सरळच सांगते, आयुष्यात इतकं कुणी आवडलं नव्हतं. कांद्याच्या ट्रकांमागे अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये बसून मी त्याच्या मेसेजची वाट बघायचे आणि ट्रॅफिक सुटूच नये असं मला वाटायचं.

लग्नाचं त्यानेच विचारलं. घर त्याचं देहूरोडला, आई कडक. "आई एकदा तुमच्याकडे येईल. घरदार बघून ती काय म्हणते, तेच माझ्यासाठी शेवटचं," असं त्याने मला आधीच सांगितलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. पण घरी आले आणि आधी बाल्कनीचा दरवाजा लावून घेतला. येऊन गेलेली सगळी स्थळं एकाच कारणाने गेली होती, आणि ती गेल्याचं मला सुतक नव्हतं. हा गेलेला मला चालणार नव्हता.

खोलीत फवारायचे स्प्रे आईला नको होते, ते बाथरूमसारखे वाटतात म्हणायची. उदबत्तीने बाबांना ठसका लागतो. राहिली वहिनीची मेणबत्ती. तिचा मोगरा ग्लासाबाहेर काढायचा आणि सगळ्या हॉलभर पसरवायचा, हे काम मी हातात घेतलं. रविवारी मी गॅसपाशी तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिची पद्धत पाहून कपाळाला हात लावला. उकळत्या मेणात ती फोडणीत मोहरी टाकावी तसं सुगंधी तेल टाकत होती. स्वयंपाकघर मोगऱ्याने भरून जायचं आणि ती खूश व्हायची.

"अगं, तो सगळा इथेच उडून गेला. ग्लासात काय उरणार, तुझं नशीब?" मी म्हणाले. तिने गॅस बंद केला.

मी तापमापक आणला. मेण खाली उतरवून जरा निवल्यावर तेल घालायला लावलं आणि ते मेणात जिरेपर्यंत सावकाश ढवळायला लावलं. वातींवरून आईशी वाजलं. "विकतची वात कशाला? मी वळून देते की," म्हणून तिने देवासाठी वळलेल्या वाती पुढे केल्या. त्यांनी नुसता धूर केला. विकतची वात बारीक निघाली, तिने मधोमध विहीर पाडली आणि कडेचं मेण तसंच राहिलं. वास येतो तो वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून, तेव्हा तळं काचेपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून आम्ही जाड वात घेतली. तयार ग्लास लगेच पेटवायचे नाहीत, झाकण लावून मुरू द्यायचे, हेही कळलं. ते आईच्या लोणच्याच्या कपाटात मुरत पडले. बाबा मेणबत्ती पेटली की सवयीने पंखा पाचवर करायचे, त्यांच्या हातातून रेग्युलेटर काढून घेणं सगळ्यांत अवघड गेलं.

रोज संध्याकाळी दारं-खिडक्या लावून आम्ही मेणबत्तीभोवती बसायचो आणि हुंगायचो. पहिली काही मिनिटं वास यायचा, मग नाहीसा व्हायचा. "येतोय का?" मी विचारायचे. "येतोय, पण जरासाच," असं सगळे म्हणायचे. मग पुढच्या वेळी तेल वाढवायचं. मोठ्या तोंडाची बरणी आणली, एकीच्या दोन वाती केल्या, दोनाच्या तीन. दिवसभर आठ-आठ तास गेजने मोजमापं घेणारी मी, आणि घरी मात्र ज्या नाकांना डेपोचा डोंगर कळत नव्हता त्याच नाकांनी मोगरा मोजत बसले होते.

मधे वहिनी चार दिवस माहेरी नाशिकला जाऊन आली. दारात पाऊल टाकताच तिने तोंडावर ओढणी धरली. "बापरे, केवढा वास!" असं तिच्या तोंडून निघून गेलं.

"कसला?" आईने विचारलं.

तिने आईकडे पाहिलं. "मोगऱ्याचा," ती म्हणाली. "फार झालाय. डोकं दुखतंय."

"माहेराहून आलं की हिचं डोकं दुखायलाच लागतंय," आई म्हणाली. मी हसले. "तुझं डोकं पहिल्यापासूनच नाजूक," असं वर मीठ लावलं आणि त्या रात्री मेणात आणखी तेल ओतलं.

ते लोक आले तेव्हा दुपारपासून घर बंद होतं आणि हॉलमध्ये तीन वातींची बरणी जळत होती. त्याची आई आत आली, सोफ्यावर बसली आणि खोकली. पाणी दिलं, प्यायली, पुन्हा खोकली. डोळ्यांतून पाणी आलं. मी पोहे पुढे केले तर तिने हातानेच नको म्हटलं. तो बिचारा उठला आणि आईला हवा लागावी म्हणून त्याने बाल्कनीचा दरवाजा सरकवला.

वारं फिरायची वेळ होती. त्याने नाकाला हात लावला. तेलात बरबटलेला माल तो उघड्या हातांनी चाळायचा, कशालाही नाक मुरडताना मी त्याला पाहिलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये उभं राहून त्याने नाक धरलं आणि मग माझ्याकडे पाहून पटकन हात खाली घेतला. तो हात खाली घेणं मला जास्त लागलं. बाबा दरवाजा लावायला उठले तेव्हा त्याची आई म्हणाली, "राहू द्या. मोगरा कशासाठी लावलाय ते कळलं." ती हे अगदी गोड आवाजात म्हणाली आणि जायला उठली.

त्याचा मेसेज दुसऱ्या दिवशी बसमध्ये असताना आला. 'वासाचं काही नाही, पण जे पाहुण्यांपासून एवढं झाकतात ते आणखी काय काय झाकत असतील, असं आई म्हणते. सॉरी.' मी लिहिलं, 'तू काय म्हणतोस?' त्यावर काहीच आलं नाही. ब्रॅकेटचं एकेक भोक स्वतः मोजणाऱ्या माणसाने माझ्या बाबतीत आईचं माप तसंच उचललं. त्यानंतर त्यांच्या कारखान्याकडून दुसराच माणूस यायला लागला.

घरात राग काढायला बाहेरून आलेली एकच होती. आई वहिनीशी बोलेनाशी झाली. "तुझ्या त्या मेणापायी घर बदनाम झालं," मी तिला दादासमोर म्हणाले. तेलाची बाटली माझ्या हातात होती, हे तिने त्यावर म्हटलं नाही. दादाने टीव्हीचा आवाज वाढवला.

लग्नसराई आली आणि मामी वर आल्या. सोफ्यावर ऐसपैस बसल्या. "त्या देहूरोडच्या पोराचं जमलं. निगडीची पोरगी हाय," म्हणाल्या. मग वहिनीकडे वळल्या, "तुजी ती मोगऱ्याची मेनबत्ती हाय न्हवं, तसल्या पायजेत त्यास्नी, पावन्यांना द्यायला. पोराची आई म्हनली, एक पेटवली की समद्या घराला पुरती. करशील का न्हाई?"

आई उठून आत गेली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, काय करू?"

"घे," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर मला लागलं हे त्या बाईला कळलं असतं, आणि तेवढं सुख मी तिला देणार नव्हते.

त्याच सुमारास कंपनीने मला महिनाभर ट्रेनिंगला तमिळनाडूतल्या होसूरच्या प्लान्टवर पाठवलं. मी आनंदाने गेले. परत आले तोवर त्याच्या लग्नाच्या मेणबत्त्या ओतून, मुरून तयार होत्या. संध्याकाळी बॅग घेऊन सातव्या मजल्यावर आले, आईने दार उघडलं आणि मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

आतून वास आला. आंबलेला, ओला, दिवसेंदिवस साचलेला. मोगरा त्याच्या मागे कुठेतरी होता. आधी मला वाटलं बाल्कनी उघडी आहे, पण ती बंद होती. वास पडद्यांना होता, सोफ्याला होता, भिंतींना होता. आईने पुढे होऊन मला जवळ घेतलं, तेव्हा तिच्या केसांनाही होता. मी श्वास रोखला. तिला ढकलू नये म्हणून मला स्वतःला आवरावं लागलं. इतके महिने मी त्या देहूरोडच्या बाईचा राग जपून ठेवला होता, आणि दारात उभ्या उभ्या तो राग संपला. तिच्या जागी मी असते तर मीही उठले असते.

"बरं झालं, बाहेरून आलीस," आई उत्साहाने म्हणाली. "आता सांग. हिने पेटवून ठेवलीय. वास यायलाय का?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान खाली घातली. दर खेपेला माहेराहून येताना या दारात तिला कसला वास येत होता, ते मला तेव्हा कळलं. तिने ते आईला कधी सांगितलं नाही. मी सांगितलं. प्रवासाने दमले होते, चिडले होते, आणि हा वास माझ्या एकटीच्याच वाट्याला का, असंही वाटलं.

"कचऱ्याचा येतोय आई. घराला येतोय. तुझ्या केसांनाही येतोय."

आई हसली, मी थट्टा करते आहे असं वाटून. मग तिचं हसू गेलं. तिने वेणी पुढे घेतली, नाकाशी धरली, श्वास घेतला, परत घेतला. पदर हुंगला, दोन्ही हात हुंगले. "मला नाही गं यायला," ती म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन तिने दार लावून घेतलं. बराच वेळ आतून बादलीत पाणी पडत राहिलं.

मेणबत्त्या देहूरोडला गेल्या. फार छान झाल्या होत्या, असं मामींनी येऊन सांगितलं. आठवडाभरात माझंही नाक मेलं आणि घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं.

आई मात्र आता रोज संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ करते. ओले केस पाठीवर सोडून माझ्यासमोर येते, मान खाली वाकवते आणि म्हणते, "बघ बरं, यायलाय का?" मी तिच्या केसांना नाक लावते. मला शिकेकाईशिवाय काही येत नाही. "नाही आई," मी म्हणते. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि पुन्हा बाथरूमकडे वळते.