‘निर्मला’ चालते की नाही?

बोटीवर राहायला लागलं की किस्से आपोआप चिकटतात. बुडाला शिंपले चिकटतात ना, तसेच! मधूनमधून खरवडून काढले नाहीत तर बोट जड होते. तर आज खरवडायला बसलोय. अंगावर उडालं तर तक्रार करायची नाही.

आधी थोडी माहिती. मी अनिकेत. सिंगापूरला, बेडोकच्या बाजूला एका मरीनात राहतो. मरीना म्हणजे बोटींचं पार्किंग. बोट माझी नाही, मिलिंद कांबळेची. तो बॅटऱ्यांवर रिसर्च करतो, मी बँकेत कॉम्प्युटरकडे बघत बसतो. फ्लॅटच्या भाड्याला वैतागून त्याने होती नव्हती ती बचत या बोटीत घातली. कुणा इंग्रज इंजिनिअरला गावाकडच्या कालव्यांची आठवण यायची, म्हणून त्याने तिकडच्यासारखी बनवून घेतली होती. लांबीला एसटीएवढी, रुंदीला रिक्षाएवढी. आत एकाला वळायचं असेल तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं! मिलिंदने तिला आईचं नाव दिलं. ‘निर्मला’.

गोची एकच. आमच्या मरीनाचा नियम आहे : बोटीवर खुशाल राहा, पण बोट चालली पाहिजे. वर्षातून एकदा मॅनेजरसमोर पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी बोयापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं नाही तर जागा खाली करा.

आणि ‘निर्मला’चं इंजिन? किल्ली फिरवली की एकदा खोकायचं आणि झोपायचं.

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. संशय मात्र अख्ख्या जेटीला!

*

सगळ्यात जास्त संशय कोह अंकलना. शेजारची बोट त्यांची. रिटायर्ड माणूस, अधूनमधून वाक्याला इथल्यासारखी ‘लाह’ची शेपटी लावणारा. सकाळपासून फोल्डिंगची खुर्ची टाकून बसायचे. हातात कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि तोंड आमच्याकडे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "यू ऑल स्टेइंग हिअर, ऑर हायडिंग हिअर?"

मिलिंद सरळ माणूस. म्हणाला, "स्टेइंग, अंकल."

मी म्हणालो, "फिफ्टी-फिफ्टी."

त्यांनी खुर्ची दोन फूट पुढे ओढली. ती परत कधी मागे गेली नाही.

*

मिलिंदची आई नागपूरला असते. बोटीबद्दल तिला सांगायची हिंमत होईना, म्हणून "आई, स्वतःचं घर घेतलं" एवढंच सांगितलेलं. वॉटरफ्रंट!

व्हिडिओ कॉल लावला की पोरगा स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे. बोट हलणार म्हणजे तोही हलणार.

"मिल्या, खरं सांग. घेतली का तू?"

"नाही गं आई!"

"मग झुलून काऊन राह्यला?"

पुढच्या कॉलला मी डोकं चालवलं. फोन हातात धरला आणि मिलिंद जिकडे झुकेल तिकडे मीही झुकलो. मिलिंद एकदम ताठ! फक्त त्याच्या मागे टांगलेला दिवा, पडदा आणि टॉवेल, तिघंही एका बाजूला चालले होते.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तू शुद्धीत हायेस. घरच पिऊन हाय."

*

जेवण मागवणं हा वेगळाच ताप. एकदा डिलिव्हरीवाल्याचा फोन आला.

"ब्लॉक नंबर?"

"ब्लॉक नाही."

"फ्लोअर?"

"सी लेव्हल."

फोन कट. माझा आवाजच असा आहे की खरं बोललो तरी कुणाला पटत नाही. त्याने बिर्याणी जेटीच्या खांबाला टांगली, फोटो पाठवला आणि पळाला. आम्ही पोचेपर्यंत पाणमांजरांचं एक कुटुंब पंगत लावून बसलेलं. बाप, आई, पोरं. रायतंसुद्धा सोडलं नाही!

मिलिंदने ॲपवर तक्रार टाकली. तिकडून चॅटवर प्रश्न : जेवण कोणी खाल्लं?

"पाणमांजरांनी."

मग पुढचा प्रश्न : ही पार्टी तुमच्या ओळखीची आहे का?

मिलिंदने प्रामाणिकपणे टाइप केलं, "चेहऱ्याने ओळखतो."

रिफंड मिळाला नाही.

*

तोआ पायोहच्या सुलभाकाकू म्हणजे आमच्या मराठी ग्रुपचा सीसीटीव्ही. दोन बिनलग्नाची पोरं फ्लॅट सोडून पाण्यावर राहतात म्हणजे काहीतरी भानगड असणार, अशी त्यांची खात्री. थेट तपासायला येता येईना, म्हणून त्यांनी भाचीचं केळवणच आमच्या बोटीवर ठरवलं. "फोटो छान येतील रे!"

डझनभर बायका आल्या. पैठण्या, गजरे, पुरणपोळ्यांचे डबे. काकूंनी आल्या आल्या पलंगाखाली वाकून पाहिलं. बाटली मिळाली. व्हिनेगरची. हुंगून परत ठेवली.

तेवढ्यात समोरून एक पांढरी यॉट गेली. तिच्यावर उघड्या अंगाचा एक तरुण दोर ओढत होता. सगळा महिला वर्ग एकदम उजव्या खिडक्यांकडे! बोट अशी कलंडली की आमटी टेबलावरून थेट नवरीच्या पर्समध्ये!

कोह अंकल खुर्चीतून ओरडले, "बॅलन्स! बॅलन्स!"

मिलिंदमधला शास्त्रज्ञ जागा झाला. त्याने प्रत्येकीला अदबीने वजन विचारलं, मनातल्या मनात हिशोब केला आणि दोन्ही बाजूंना वाटून बसवलं. बोट तशीच तिरकी! परत हिशोब केला. परत तिरकी!

मिलिंद माझ्या कानात म्हणाला, "अन्या, गणित बरोबर आहे. डेटा खोटा आहे."

*

इकडे तपासणीची तारीख जवळ आली आणि कोह अंकलनी दोनदा जाऊन मॅनेजरबाईंचे, मिसेस टानचे, कान भरले. "ती बोट चालत नाही. कधीच हलत नाही. आत काहीतरी लपवलंय." आम्ही लिटिल इंडियातून पिशव्या भरभरून आणतो आणि बाहेर काही काढत नाही, हे त्यांच्या नजरेत आलेलं. आता पोहे आणि साबुदाणा आत गेला की बाहेर कशाला येईल?

मला राहवलं नाही. मी एक लाकडी पेटी जेटीवर ठेवली. वर रंगाने इंग्रजीत लिहिलं, ‘इंडोनेशियाला पोचण्याआधी उघडू नये.’

अंकल त्या पेटीकडे बघून बघून झिजले. कोपी गार व्हायची. शेवटी एका दुपारी मी आत झोपल्याचं नाटक केलं, तेव्हा त्यांनी झाकण उचललं. आत आरसा होता.

अंकलनी स्वतःकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढला, आरसा घासूनपुसून लख्ख केला, झाकण लावलं आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "यू ऑल व्हेरी डर्टी."

मिलिंद माझ्यावर दोन दिवस चिडला होता. "अन्या, त्या माणसाच्या एका तक्रारीवर माझं घर जाईल. आणि तू त्याला आरसा दाखवतोस?"

मी पेटी उचलून आत नेली. मुद्दा बरोबर होता.

*

आणि मग तो दिवस उजाडला.

मिलिंदने आठवडाभर इंजिनात डोकं घातलं होतं. त्याला बॅटरी कळते, डिझेल नाही. मेकॅनिक येऊन बघून गेला आणि नुसती मान हलवून गेला. मिलिंद रात्रभर कपडे बॅगेत भरत होता आणि अंकल खुर्चीतून ते खिडकीतून बघत होते. मी त्याला हसवायचा प्रयत्न केला नाही, यावरून ओळखा.

सकाळी मिसेस टान छत्री घेऊन जेटीवर उभ्या. "रेडी?"

मिलिंदने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. झोपलं.

मी ब्लूटूथ स्पीकर इंजिनाच्या पेटीत ठेवून फोनवरून डिझेल इंजिनाचा आवाज लावला. धडधडधड! एकदम कडक.

मिलिंद दात ओठ खात म्हणाला, "आवाजाने बोट पुढे जाते का रे, गाढवा?"

आणि बोट पुढे गेली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात इतक्या संशयाने माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही! मी वाकून पलीकडच्या बाजूला बघितलं. जेटीवरून न दिसणाऱ्या त्या बाजूला, ‘निर्मला’च्या अंगाला दोरीने घट्ट बांधलेली एक रबरी होडी. तिला छोटं इंजिन. होडीत पाय पोटाशी घेऊन बसलेले कोह अंकल. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मी मिलिंदला सांगितलं. त्याने सुकाणू इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली.

डुलत डुलत बोया आला. आता वळायचं. आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला : वळलो की ही बाजू जेटीकडे येणार! अंकल उघडे पडणार!

खालून अंकल कुजबुजले, "डोन्ट टर्न! रिव्हर्स!"

त्यांनी इंजिन उलटं फिरवलं आणि अख्खी ‘निर्मला’ बोयापासून जेटीपर्यंत मागे मागे आली.

मिसेस टाननी छत्री बाजूला केली. "रिव्हर्स का?"

"पार्किंगला सोपं पडतं," मिलिंद म्हणाला. आयुष्यातलं त्याचं हे पहिलं खोटं असावं. आवाज चिरकला.

जेटी हातभर राहिली आणि स्पीकरची बॅटरी संपली. स्पीकरमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "पॉवर ऑफ." धडधड बंद.

पण पलीकडून फटफट चालूच!

मिसेस टान सावकाश चालत जेटीच्या टोकाला गेल्या, वाकल्या आणि पलीकडे बघितलं. मिलिंदने डोळे मिटले.

"अंकल कोह, तुम्ही इथे काय करताय?"

अंकल जराही हलले नाहीत. "फॉलोइंग देम, लाह. व्हेरी सस्पिशस."

"दोरी बांधून?"

"मस्ट लाह. लेटर दे रन अवे."

मिसेस टान दोरीकडे बघत राहिल्या. मग अंकलकडे. मग डोळे मिटून उभ्या असलेल्या मिलिंदकडे. मग त्यांनी छत्री मिटली.

"ओके, पास," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट इयर, छोटी दोरी वापरा. ही इथून दिसते."