चाचांचं म्यूट

"काढ ते फडकं! वाद्याचा गळा दाबतो का?" असं ओरडत चाचा दुसऱ्याच्या वाद्यात हात घालायचे आणि आवाज कमी करायला कोंबलेला टॉवेल ओढून काढायचे. आमच्या लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवतो. चाचांकडे युफोनियम, तेच ते, कवेत धरायचं, जाड आवाजाचं पितळी धूड.

हळू वाजवायचं तर म्यूटच हवं, हा त्यांचा हट्ट. वाद्याच्या तोंडात डब्यासारखं बसतं ते, कडेला बुचाच्या पट्ट्या, म्हणजे फटीतून हवा जाते आणि सूर बिघडत नाही. विकतचं एकही पसंत पडेना. मग युफोनियम घेऊन औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानात! एकेक डबा वाद्यात बसवायचा, फुंकून बघायचं.

दुकानदार वैतागला. "चाचा, भांडं घ्यायचंय का वरात काढायची?"

"थांब ना सेठ. ये डब्बा नाक में बोल रा."

शेवटी जाड ॲल्युमिनियमचा एक डबा पास झाला.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात नवरदेवाचे आजोबा अंथरुणाला खिळलेले. ते म्हणाले, "नातवाची वरात मला इथंच ऐकवा. पण हळू. छाती लई धडधडते." चाचांनी पलंगाजवळ उभं राहून म्यूट बसवलं. काय मऊ वाजलं, महाराज! आजोबांची बोटं चादरीवर ताल धरू लागली.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा बाहेरून ओरडला, "हे काय मयताचं लावलंय? डीजे सुरू करा!" खिडकीच्या काचा थरथरल्या. मी धावत जाऊन हात जोडले, "आत आजारी माणूस आहे, जरा थांबा."

"लग्न एकदाच असतं, भाऊ!"

तुम्हीच सांगा, त्या म्हाताऱ्याला तरी नातवाचं लग्न कितीदा बघायचं होतं? घरचाच माणूस हा मामा! त्याच्या मुस्काटात द्यावीशी मला आजही वाटते. चाचा यंदा गेले, माझा राग काही गेला नाही.

आत आलो तर चाचांचे गाल फुगलेले, पण सूर कुणाच्याच कानी पोहोचत नव्हता. आजोबा कानाला हात लावून मान हलवत होते. डोळ्यांत पाणी. चाचा पलंगावर टेकले. त्यांनी आजोबांचा हात उचलून पितळेवर ठेवला आणि कानाशी ओरडले, "कान का जाने दो, दादा! हाताला लागतंय का?"

मग पुन्हा फुंकलं.

आजोबांचे ओठ हलले. "व्हय." बाहेर डीजे बोंबलत होता, आणि त्यांनी दुसराही हात पितळेवर ठेवला.