दानम्माला विचारून सिनेमा

लातुरात क्लासच्या गल्ल्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथे दानम्माची मेस आहे. दोन खोल्या, लांब बाकडी आणि भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो. जेवायला येणारी सगळी डॉक्टर व्हायला गावाहून आलेली पोरंपोरी. त्यांचे आईबाप रविवारी एसटीने येतात, कुणी हदगावहून, कुणी अर्धापूरहून, पिशवीत चिवडा आणि तूप घेऊन. सकाळची टेस्ट आटोपली की दुपार मोकळी. लेकराचा जीव जरा रमावा म्हणून सिनेमाला न्यायचं असतं, सोबत धाकटी भावंडंही असतात. कोणता दाखवावा हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. पोस्टरवर छापलेला वयाचा आकडा कोण वाचतो? विचारायचं ते दानम्माला.

हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नाही. तिचा नवरा, पंचाक्षरी, एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. टॉकीज बंद पडली, पुढे पंचाक्षरीही गेला, पण शुक्रवारी पहिला खेळ पाहायची सवय राहिली. त्या दिवशी दानम्मा स्वयंपाक लवकर उरकते, मागचं सगळं नणंद शिवम्मावर टाकते आणि थिएटर गाठते. बसते कडेच्या खुर्चीवर, अर्धं लक्ष पडद्याकडे, अर्धं लोकांकडे. कुठल्या जागी पोर आईच्या पदरात तोंड लपवतं, कुठे खाऊ चघळायचं थांबतं, हे ती टिपून ठेवते. "पडद्यावर काय हाय ते जाहिरातीत बी दिसतंय," ती म्हणते. "लेकराला काय होतंय ते तिथं बसल्याबिगर दिसत न्हाई."

सिनेमा कसा आहे हे सांगण्याआधी लेकरू कसं आहे, हे ती विचारते. दिवा लावून झोपतं का? घरात एवढ्यात कुणी गेलंय का? बाप हात उचलतो का? या शेवटच्या प्रश्नाला बापमंडळी चपापतात. एकदा हदगावचे एक गृहस्थ म्हणाले, "अक्का, आम्ही सिनेमाला चाललोत, सोयरीक जुळवायला न्हाई."

"सोयरीक मोडता येती," दानम्मा म्हणाली. "लेकराच्या मनात बसलेलं भेव काढता येत न्हाई."

यंदा दिवाळीनंतर एक नवा मराठी सिनेमा लागला. क्लासला जाणारा एक मुलगा बापाला तोंडावर सांगतो की मला डॉक्टर व्हायचं नाही. गोष्ट एवढीच. रक्त नाही, भूत नाही, अंगचटीला जाणं नाही. शिवी एकच, तीही बापाच्या तोंडी. दानम्माने शुक्रवारी तो पाहिला आणि शनिवारी संध्याकाळी व्यंकटराव सर मेसच्या दारात उभे राहिले. गल्लीतला मोठा क्लास त्यांचा. दानम्माकडची बहुतेक पोरं त्यांनीच पाठवलेली.

"अक्का, उद्या पालक विचारतील. हा सिनेमा मुलांसाठी योग्य नाही म्हणून सांगा."

"का हो सर? मारामारी न्हाई, काही न्हाई."

"मुलांची मनं बिघडतात. अभ्यासाचे दिवस आहेत."

"मागल्या महिन्यात त्या सिनेमात मुंडक्यावर मुंडकी उडत होती, तवा तुम्ही अख्खी बॅच धाडली. मी म्हणले, धाकट्यांना नेऊ नका. तुम्ही म्हणले, स्फूर्ती येती."

"तो इतिहास होता."

"आणि हे? हे तर शेजारच्या खोलीत चालून राहिलंय."

व्यंकटराव मापात हसले. "गल्लीत मेस पुष्कळ आहेत, अक्का," एवढं बोलून ते गेले.

शिवम्माने आतून सगळं ऐकलं होतं. "चालत न्हाई म्हणायला तुझं काय जातंय?" ती म्हणाली. "आपल्याच चुलीत कशाला पाणी ओततीस?"

"लोकं माझ्या शब्दावर लेकरं नेऊन अंधारात बसवतात. उद्या खोटं बोलले, तर परवा कुठल्या तोंडानं खरं सांगू?"

रविवारी दुपारी बाकडी भरली. व्यंकटराव दारातच थांबून पालकांचे नमस्कार घेत होते. अर्धापूरचे अर्जुनराव, केळीचे बागायतदार, लेक दामिनीला घेऊन बसले होते. दामिनी दुसऱ्यांदा डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा देणार होती. गेले कित्येक दिवस ती अर्धी भाकरी ताटात टाकून उठत होती.

"अक्का," अर्जुनरावांनी विचारलं, "त्यो नवा सिनेमा पोरीला दावावा का? सर तर न्हाई म्हणून राहिलेत."

दामिनी ताटात बघत राहिली.

दानम्मा शेवटच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "लेकरांना चालतो. लई धाकट्यांना कंटाळा येईल, दहा-बाराच्या पुढं खुशाल न्या. आईबापांना सोसंल का, तेवढं मला सांगता येणार न्हाई. अर्जुनराव, पोरीला एकटी धाडू नका. शेजारी बसा, आणि फोन बंद करून बसा."

कुणीतरी फिसकन हसलं. व्यंकटराव पुढे होऊन अर्जुनरावांना म्हणाले, "दादा, मेसवाल्यांनी भाकऱ्या थापाव्यात, सल्ले देऊ नयेत."

"थापते की सर. त्यातली अर्धी ताटात कुणाची उरती, ते बी बघते."

दोन-तीन आया मुलांना घेऊन उठल्या आणि सरांच्या मागे निघून गेल्या. अर्जुनरावांनी लेकीच्या ताटाकडे पाहिलं. अर्धी भाकरी तशीच होती. "चल गं," ते म्हणाले.

दिवेलागणीला ते दोघं पिशवी न्यायला आले. दामिनी बाहेरच थांबली. अर्जुनराव तांब्याभर पाणी प्यायले.

"अक्का, त्याच्यात बाप लई वंगाळ दाखवलाय."

"हाव."

"मी तसा हाय का, म्हणून हिला इचारलं."

"मग?"

"नुसती रडली." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पुढल्या रविवारी येतो. पुन्हा इचारतो."

सोमवारी व्यंकटरावांच्या क्लासच्या सूचनाफलकावर दुसऱ्या मेसचं नाव लागलं. शुक्रवार उजाडेपर्यंत दानम्माची बरीच बाकडी रिकामी झाली. शिवम्माने पीठ कमी मळलं आणि परात मुद्दाम आदळली. दामिनी तेवढी येत राहिली. भाकरी कधी संपायची, कधी नाही.

शुक्रवारी दानम्मा पहिल्या खेळाला गेली. येताना तिने जुन्या बाजारातून शाळेचा एक फळा आणला आणि क्लासचा जिना जिथून समोर दिसतो तिथे, मेसच्या बाहेर, टांगला.

"आता तरी गप बस की," शिवम्मा म्हणाली.

"आजवर कुणी इचारलं तर सांगत होते," दानम्माने पदराने फळा पुसला. "आता न इचारता सांगणार."

आणि तिने खडूने मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं: या आठवड्याचा सिनेमा भुताचा. सहा वर्षांच्या आतल्यांना नको. दिवा लावून झोपणाऱ्यांनाही नको.