बिलकीसभाभींचं आवडतं पान

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बिलकीसभाभींना एकाच कादंबरीचं वेड होतं. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी, आणि सगळी लग्नाचीच गोष्ट. रत्नागिरीच्या कॉलेजातली ती प्रत त्यांनी लग्नात दागिन्यांबरोबर आणली होती. शुक्रवारी दुपारी आम्हा चारपाच बायकांना त्या वाचून दाखवत आणि एका पानाशी हमखास थांबत. बाप गेला की घर जाणार हे ठाऊक असूनही मुलगी नावडत्या स्थळाला तोंडावर नकार देते, ते पान. "परत वाचा," आम्ही म्हणायचो. आमच्या वेळी नाही म्हणायला एकीचीही जीभ रेटली नव्हती, म्हणून ते पान आम्हाला पुरतच नसे.

त्यांची नबिला कोपऱ्यात अभ्यास करता करता ऐकायची. जन्म इथलाच, आता चोवीस वर्षांची, बापाच्या व्हिसावर.

मार्चमध्ये तिच्या अब्बांची, मुनीरभाईंची कंपनी बंद पडली. व्हिसा रद्द झाला की देश सोडायला मोजकेच दिवस मिळतात. नबिलाने नोकरीसाठी सगळीकडे अर्ज टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा गेल्या वर्षी हसून नाकारलेलं इथेच अल ऐन शहरात नोकरीला असलेल्या फैजचं स्थळ तिने स्वतःच पुन्हा उकरून काढलं.

भाभी माझ्या किचनमध्ये येऊन रडल्या. "प्रमिला, तू समजाव तिला. व्हिसासाठी लग्न करतेय. मी गावाला उपाशी राहीन, पण हे नको."

मी गेले. नबिला शांतपणे म्हणाली, "आंटी, आय हॅव नेव्हर लिव्ह्ड एनीव्हेअर एल्स. अम्मीला ती नकार देणारी आवडते. मला नेहमी तिची मैत्रीण आवडायची, त्याच स्थळाला हो म्हणणारी. शी गॉट अ हाउस."

मला भयंकर राग आला. तिचा नाही. अख्खं आयुष्य इथे काढून एका कागदावर लटकणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

निकाहच्या दिवशी मुलीतर्फे वकील म्हणून तिचे मामा दोन साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीत आले. त्यांच्यात संमती तीनदा विचारायची पद्धत. मुली लाजतात, गप्प राहतात, तिसऱ्यांदा कुठे मान हलवतात. भाभींनी माझा हात घट्ट धरला होता. "तीनदा विचारतात," त्या पुटपुटल्या. "अजून नाही म्हणता येईल तिला."

मामांनी पहिल्यांदा विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत नबिला खणखणीत म्हणाली, "कबूल."

मामा दुसऱ्यांदा विचारू लागले.

"खलास, मामू," ती म्हणाली. "सही कुठे करायची?"

भाभींनी माझा हात सोडला आणि तिला पेन दिलं.